तापीच्या पाण्यातलं जहाज

दर गुरुवारी दुपारी दोंडाईच्याजवळच्या त्या गावात मठासमोर पाय ठेवायला जागा उरत नसे. शिंदखेड्याहून, पार साक्रीकडून जीपा भरून माणसं येत. ओट्यावर तांब्याची परात, परातीत तापीचं पाणी, आणि मांडीवर भगव्या रुमालात गुंडाळलेली पोथी घेऊन बसलेले जलदृष्टी महाराज. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही त्यांना हा माणूस समुद्रातली जहाजं दाखवायचा. दाखवायचा म्हणजे स्वतः बघून सांगायचा. बाकीच्यांना परातीत छपराच्या पत्र्यापलीकडे काही दिसलेलं नव्हतं.

"तापीमाय दर्याले जास," महाराज म्हणत. "पानीले पानीनी खबर ऱ्हास."

म्हणजे पाण्याला पाण्याची खबर असते. नदी खाली वाहते, मग खबर चढ चढून वर कशी येते, हे कुणी विचारलं नाही. महाराजांचं सांगणं खरं ठरत होतं ना!

ज्योतीचा नवरा भूषण 'नीलगंधा' नावाच्या जुन्या मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होता. जहाजावर नेट नव्हतं. बंदराला लागलं की फोन यायचा. तिची सासू भिकुबाई पहिल्यांदा मठात गेली तेव्हा महाराजांनी जहाजाचं नाव इंग्रजी अक्षरांसकट लिहून मागितलं. दर्याला मराठी वाचता येत नसावं. मग पोथीत बघून, परातीत बघून त्यांनी सांगितलं, जहाज कांडल्याला उभं आहे. पुढच्या गुरुवारी म्हणाले, दुबईजवळ पोहोचलं. त्याच संध्याकाळी भूषणचा दुबईहून फोन आला. ज्योती बी.एस्सी. झालेली. आधी ती हसली होती. त्या फोननंतर तिचं हसणं थांबलं.

परतीच्या वाटेवर जहाज दिसेनासं झालं. महाराजांनी परातीत बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. सगळा अंधार आहे म्हणाले. जहाज कंपनीच्या मुंबईच्या एजंटने फोनवर सांगितलं होतं की जहाज ठीक आहे, पुढच्या आठवड्यात शनिवारी मंगळूरला लागेल. महाराज म्हणाले, ऑफिसवाले खरं कधी सांगतात? मग त्यांची नजर ज्योतीवर स्थिरावली. ती पाच महिन्यांची गरोदर होती. या घरात एक जीव बापाला ओढत वाढतो आहे, जहाज दिसेपर्यंत ही छपराखाली नको, असं त्यांनी भर बैठकीत सांगितलं.

भिकुबाई रडत रडतच तिला मळ्यातल्या खळ्याच्या खोलीत सोडून आली. एक वेळची भाकरी, कुणाशी बोलणं नाही. भर दुपारी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांतून वारा सुटला की ज्योतीला वाटे, पाणी चढत येतंय. डोळे मिटले की भूषण जहाजाच्या जिन्यावर उभा दिसे आणि पायऱ्या एकेक करून बुडत जात. पोटात बाळ पहिल्यांदा हललं ते त्याच खोलीत. तिनं पोटावरचा हात झटकन काढून घेतला, विंचवावरून काढावा तसा. मग स्वतःच्या त्या हाताकडे ती बघतच राहिली. आपण आपल्याच लेकराला भ्यालो, याचीच तिला जास्त भीती वाटली.

दुसरा गुरुवार उजाडला. सकाळी तिनं लपवून ठेवलेला फोन काढला आणि भावाला लावला. कुंदन कोकणात, समुद्रकाठच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, जहाजाचं नाव विचारलं आणि ते संगणकावर शोधलं.

"ताई, नीलगंधा माझ्यासमोरच्या स्क्रीनवर आहे," तो म्हणाला. "किनाऱ्यापासून तीस मैलांवर, मंगळूरच्या दिशेनं. सकाळी नऊलाच दिसायला लागली."

शाळेच्या गच्चीवर त्यानं रेडिओचं एक यंत्र बसवलं होतं. मोठी जहाजं आपलं नाव, ठिकाण आणि वेग रेडिओवरून सतत सांगत असतात. किनाऱ्यावरची अशी यंत्रं ते ऐकतात. त्यांचे मालक ती माहिती इंटरनेटवरच्या एका साइटला देतात, मग ती कुणालाही फोनवर बघता येते.

"भर समुद्रात ऐकायला कुणी नसतं, म्हणून जहाज नकाशावरून पुसलं जातं. बुडत नाही, ताई."

"म्हणजे महाराजही तेच बघत असणार. मग त्यांना आज दिसेल?"

"नाही. आमच्या बाजूचं जुनं केंद्र बंद पडलंय आणि माझं यंत्र अजून त्या साइटला जोडलेलं नाही. नोंदणी झाली आहे, साइटवाल्यांनी दिलेला क्रमांक टाकला की माहिती जायला लागेल. आजच करणार होतो."

ज्योतीनं डोळे पुसले. "मी मिस्ड कॉल देईपर्यंत जोडू नकोस," ती म्हणाली.

दुपारी ती मठात शिरली तेव्हा बायका पदर आवरून बाजूला सरकल्या. तिनं महाराजांना जहाज बघायला सांगितलं. त्यांनी रुमालाआड पोथी चाळली, परातीत डोकावलं. अंधार, म्हणाले, आणि मागच्यापेक्षा दाट. ज्योती समोरच बसून राहिली. पदराआड तिनं फोनचं एक बटण दाबलं. महाराजांनी दोन माणसांच्या हरवलेल्या बैलांचा शोध लावला, एकाला भस्म दिलं. पंधरा-वीस मिनिटं गेली. मग तिनं पुन्हा बघायची विनंती केली.

महाराजांनी रुमालाचं टोक उचललं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"फाटना अंधार! कोकणना काठले शे जहाज!"

लोकांनी जयजयकार केला. भिकुबाई त्यांच्या पायाशी कोसळली. ज्योती उठली आणि कुणाला कळायच्या आत तिनं तो भगवा रुमाल ओढला. पोथीची पानं मधोमध कोरलेली होती आणि त्या चौकोनात फोन होता. फोनवर निळा समुद्र, त्यावर एक बाण, बाणाशेजारी नीलगंधाचं नाव. खाली ही खबर देणाऱ्या केंद्राचं नाव होतं, ते कुंदनच्या शाळेचं. तिनं तो फोन पुढच्या रांगेत दिला. तो हातोहात मागे जात राहिला. हेही तापीमायनंच दिलेलं साधन आहे, असं काहीतरी महाराज पुटपुटले. पण लोक त्यांच्याकडे बघत नव्हते, त्या बाणाकडे बघत होते.

ज्योतीनं सगळं सांगितलं: सकाळी नऊपासून जहाज भावाच्या स्क्रीनवर दिसत होतं, त्यानं यंत्र साइटला जोडल्यावर महाराजांचा अंधार फिटला. भिकुबाई उठून पुढे आली. तिनं सुनेचा हात धरला आणि एवढंच विचारलं, "मन्हा पोऱ्या खरंच शे ना?"

"आहे, आई. तो कधी हरवलाच नव्हता."

मग ती बाकीच्यांकडे वळली.

"आईंना हसू नका. मी शिकलेली आहे, तरी आठ दिवस मी पोटातल्या लेकराला भीत होते. कुणी न दिसणारं सांगितलं की ते खरं निघालं का, एवढंच आपण बघतो. याला ते कळलं कसं, हे विचारत नाही. तेवढं विचारायला लागा. आणि जो त्याचं उत्तर देणार नाही, त्याच्या सांगण्यावरून कुणालाही घराबाहेर काढू नका."