परसातला कारखाना

कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या बेचाळीस किलोमीटर वाहून नेणं परवडेना, म्हणून मार्चमध्ये कारखानाच आमच्या गावाकडे चालत निघाला.

तो दुपारचा चालायचा, माणसं जेवून आडवी झाली की. पऱ्हाट्या जाळून वीज करायची हे त्याचं काम, पण स्वतःचं धूड ओढण्यातच निम्मं सरपण जाई. त्यामुळे रोज थोडा लहान होई. नदी ओलांडली तेव्हा शाळेएवढा होता. पाराशी पोचला तेव्हा बैलगाडीएवढा.

"वाळूनच गेला वो बाई बिचारा," शेजारच्या वेणूबाई म्हणाल्या, आणि आपल्या कुंपणाच्या तुराट्या त्याला घातल्या.

आठवड्यात त्याने शेतं संपवली. मग कुंपणं, मांडव, घरांचे कूड. वेणूबाईंचं घर आता आरपार दिसतं. त्या आतून हात करतात. "पण लाइट जात नाही हं एकदाही," असं सांगतात.

शेवटी तो माझ्या परसात येऊन बसला. वासराएवढा. सोबत त्याच्या वजनकाट्यावरचा मोहुर्ले होता. कारखान्याच्या मापात राहायचं म्हणून तोही गुडघ्याएवढा झालेला.

"काकू, तुमची एक मोळी राहिली."

"ती द्यायची नाही. यांनी बांधलेली शेवटची आहे."

आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. त्या मोळीवर मी कधी चहाचं आधणसुद्धा ठेवलं नाही.

"दर वाढवून देतो."

"दर राहू दे. ओलावा मोज आधी. पंधरा टक्क्यांच्या वर असला तर घेत नाही ना तुम्ही?"

मला खात्री होती. रोज संध्याकाळी मी मोळीपाशी बसून दिवसभराचं सगळं सांगत आले होते, आणि सांगताना डोळे काही कोरडे राहत नसत.

मोहुर्लेने मोळीत यंत्राची सळई खुपसली. आकड्याकडे बघत राहिला.

"पंचेचाळीस. काकू, तीन वर्षांची मोळी एवढी ओली?"

"असते एखादी."

"मग नाही चालायची," तो म्हणाला आणि खाली बसला. आता जायला पुढे गावच नव्हतं.

कारखान्याने धुराडं माझ्या मांडीवर टेकलं. कोमट होतं. माझ्या हाताखाली ते निवत गेलं. घरातला पंखा हळू झाला, मग वेणूबाईंचा. पाती मोजता येऊ लागली. त्याच्या पोटात कुठेतरी एकच निखारा राहिला होता. तो मला दिसत होता.

यांना दारात आलेलं उपाशी गेलेलं कधी चाललं नाही. जेवताना ताटावरून उठायचे.

"वरच्या दोन काड्या कोरड्या असतील," मी म्हणाले. "दोनच हं."

मोळी मांडीवर घेतली. दोरीची गाठ चाचपली आणि हळूच ओढली. सैल झाली. तेवढ्यात आतून कुणीतरी, तितक्याच हलक्या हाताने, ती परत आवळली.