बुवांना न येणारं गाणं

चौऱ्याहत्तर साली उंद्रीच्या चर्चमध्ये मुंबईहून गिटार आली आणि साऱ्या मंडळीला तिच्यावरच्या नव्या गाण्यांचं वेड लागलं. चाळीस वर्षं एकतारीवर ख्रिस्तभजनं म्हणणाऱ्या याकोबबुवांना कुणी विचारीना. "येशूले बी नाचवतीन हे!" बुवा कडाडत. बायको सुवार्ता तेवढी त्यांच्यामागे झांज धरायची.

ती गेली. बुवा एकतारी जुळवून शवपेटीपाशी उभे राहिले.

"थांबा बुवा," पाळक हळूच म्हणाले. "मातीले गिटारवालं गाणं पाहिजे, असं बाई सांगून गेल्या."

"खोटं!"

"गिटारवाल्या पोरींपाशी बसून ते गाणं शिकल्या होत्या. तुमच्या भेवानं बोलल्या नाईत."

गिटार वाजू लागली. साऱ्या मंडळीला ते गाणं तोंडपाठ होतं. बायकोच्या मातीला एकटे बुवाच मुके उभे राहिले.