रविवारची जोडणी

गोपीनाथ करंदीकरांचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांची नोकरी अजून बरीच उरली होती. भोपाळच्या सरकारी कारखान्यात ते टर्बाइनच्या जोडणीवर होते. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि वरिष्ठांनी त्यांना शॉपमधून, म्हणजे जोडणीच्या विभागातून, उचलून ऑफिसातल्या एका टेबलाशी बसवलं. दिवाळीनंतर औषध बदललं. थरथर थोडी उतरली, निदान त्यांना तसं वाटलं.

"सोमवारी मेडिकल बोर्डापुढे जातो," ते बायकोला, शालिनीला म्हणाले. "त्यांनी हो म्हटलं की परत शॉपमध्ये. पण आधी हात कितपत चालतात ते माझं मलाच बघू दे."

बघण्यासाठी त्यांनी माळ्यावरून रिमोटची गाडी काढली. हातभर लांबीची ती गाडी ते दर रविवारी क्वार्टरच्या मागच्या मैदानात पळवायचे. गेल्या हिवाळ्यात तिचं मागचं डिफरन्शियल गेलं होतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं आणि आतल्याला कमी. ते जमवून देणारी इवली दातेरी चाकं झिजून गुळगुळीत झाली होती. नवी चाकं पुण्याहून मागवून ठेवली होती. जोडायची तेवढी राहिली होती.

रविवारी सकाळी ते व्हरांड्यातल्या उन्हात टेबल घेऊन बसले. डिफरन्शियलची डबी उघडली, जुनं काळं तेल पुसलं, सगळं रॉकेलमध्ये धुतलं. इथपर्यंत हात नीट चालले. मग दातेरी चाकं पिनेवर ओवायची वेळ आली. प्रत्येक चाकामागे कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ वॉशर. चिमट्यात धरलेला वॉशर टेबलाच्या काठावर वाजू लागला.

शालिनी शेजारी भाजी निवडत होती. शाळेत गणित शिकवणाऱ्या तिने गेली कित्येक वर्षं हे काम याच टेबलावर बघितलं होतं.

"मी धरू का?"

"नको."

वॉशर पडला. त्यांनी तो शोधला, पुसला, पुन्हा धरला. तो पुन्हा पडला. एकदा तर पीन बसलीही, पण हात मागे घेताना धक्का लागला आणि सगळी चाकं टेबलावर सांडली. जेवणानंतर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग खुर्चीतच त्यांचा डोळा लागला, चिमटा मांडीवर तसाच.

शालिनीने चिमटा उचलला. आत एक मोठं चाक, त्यावर पीन, पिनेवर वॉशरसकट छोटी चाकं. पीन बुडेपर्यंत घट्ट सिलिकॉन तेल ओतायचं आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं. तिने तेवढं केलं. झाकण आणि स्क्रू त्यांच्यासाठी ठेवले.

ते जागे झाले आणि डबीकडे बघत राहिले.

"हे कोणी केलं?"

"तुम्हीच की. झोपायच्या आधी बसवलंत."

तिला वाटलं, ते खूश होतील. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी? तेल घातलं मी?"

"हो."

"शालिनी, मला काही आठवत नाहीये." आवाज अगदी बारीक झाला होता. "डॉक्टर म्हणाले होते, पुढे कधी डोक्यावरही परिणाम होऊ शकतो म्हणून. एवढ्यात?"

"अहो, नाही. मी केलं ते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलले."

"आता खोटं बोलतेयस. मी घाबरलो म्हणून." ते हसायचा प्रयत्न करत होते. "तुला कुठून येणार हे? तू कधी हातही लावला नाहीस."

तिने शपथ घेतली. ते मान हलवत राहिले. शेवटी तिने डबी पालथी केली. तेल वाटीत काढलं, चाकं सुटी केली, पुसली आणि त्यांच्यासमोर पहिल्यापासून सुरुवात केली. मोठं चाक. वॉशर. पीन. तिची बोटं सावकाश चालत होती, पण कुठे अडली नाहीत. ते बोटांकडे बघत होते.

"तेल जरा कमी," मधेच ते म्हणाले. "झाकणाला जागा ठेव."

तिने थोडं तेल काढलं.

"म्हणजे डोकं शाबूत आहे," ते म्हणाले.

"आहेच मुळी."

"हं. हातच गेलेत मग."

शालिनीने स्क्रू उचलून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते घेतले नाहीत.

"तूच लाव. समोरासमोरचे आधी. फार आवळू नकोस."

डबी गाडीत बसवून, ऊन उतरल्यावर दोघं मागच्या मैदानात गेले. रिमोट गोपीनाथांनी घेतला. गाडी निघाली, पण ट्रिगरवरचं बोट हलत होतं, तशी ती उचक्या दिल्यासारखी पुढे सरकत होती. थोडं जाऊन त्यांनी तिला थांबवलं आणि रिमोट शालिनीच्या हातात दिला. तिच्या हाती गाडी सुतासारखी सरळ गेली आणि कडुलिंबापाशी अलगद वळली. कुठे खरखर नाही, ओढ नाही.

कुंपणापाशी शेजारचे तिवारीजी उभे होते. "क्या बात है करंदीकर साहब! हाथ में अब भी वही सफाई है!"

"इन्होंने बनाई है," गोपीनाथ शालिनीकडे बोट दाखवून म्हणाले.

तिवारीजी मोठ्याने हसले. "अरे, भाभीजी तो चला रही हैं बस!"

शालिनीने गाडी परत आणली, उचलली, चाकांची माती पदराने झटकली.

घरी येताना ते म्हणाले, "उद्या बोर्डाकडे जात नाही."

"डॉक्टरांना एकदा विचारू या. औषध अजून वाढवता येईल."

"विचार."

ते 'विचार' म्हणाले, पण चालताना त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकात दुसरा घट्ट धरून ठेवला. जिन्याशी पोचल्यावरही त्यांनी ते सोडले नाहीत. कठड्याला हात न लावता ते एकेक पायरी चढू लागले, आणि एका हातात गाडी धरलेली शालिनी, ते तोल जाऊन पडलेच तर सावरायला, त्यांच्या मागून चढत राहिली.