कबरीपाशी अडलेली रेषा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणालो, बंद पडलेला म्हणालो नाही. माझा पांढरा रंग कधीच पिवळा पडला. माझा पडदा पाठीमागे इतका जाड आहे, की हिवाळ्यात चर्चची मांजर त्यावर येऊन झोपते. पण बटण दाबले की मी अजून उठतो, आणि उठायचेच असे मी ठरवले आहे. का ठरवले, ते सांगतो.

कैरोतल्या एका अरुंद दुकानात माझे सुटे भाग एकत्र जोडले गेले. पहिली काही वर्षे मी औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या कचेरीत काढली. तेव्हा माझे फार कौतुक होते. आल्यागेल्याला माझ्यापुढे उभे करून व्यापारी म्हणायचा, "बघा, कसा झपाट्याने चालतो!" मग माझ्यापेक्षा झपाट्याने चालणारे आले. मला कोपऱ्यात सरकवले गेले. माझ्या डोक्यावर चहाचे पेले ठेवू लागले. शेवटी व्यापाऱ्याने मला आपल्या मूळ गावच्या चर्चला देऊन टाकले. कांद्याच्या पोत्यांमध्ये बसून मी दक्षिणेला आलो, नाईलच्या काठावर, मल्लवी शहरापलीकडच्या नजअ अल-गुम्मेझ या गावात.

चर्चच्या शेजारच्या खोलीत मला ठेवले आणि तासोनी फिब्रोनियाच्या हवाली केले. चर्चमध्ये शिकवणाऱ्या बाईला इकडे तासोनी म्हणतात, म्हणजे ताई. ही ताई भूगोलाची निवृत्त शिक्षिका होती. नकाशावर छडी आपटत तिने अर्धे गाव शिकवले होते. दर शुक्रवारी ती मुलांना बायबल शिकवायची.

कुणीतरी तिला बायबलच्या चित्रांची एक तबकडी दिली होती. ती तिने माझ्यात घातली, चष्मा नाकावर चढवला आणि पाहतच राहिली.

"ही कुठली रे माणसं?" ती मलाच म्हणाली. "या मेंढपाळाचे पाय बघ. लोण्यासारखे! हा कधी मेंढरामागे चाललाय का?"

तिने तबकडी काढून टाकली. कुवेतहून भाच्याने पाठवलेला कॅमेरा गळ्यात अडकवला आणि ती गावभर हिंडू लागली. कालव्याकाठचा जुना उंबर, खळ्यावरचा भुसा, गल्लीतून जाणारी मेंढरे, नाईलमधल्या कोळ्यांच्या होड्या, पूर्वेच्या डोंगरात खडक खोदून केलेल्या प्राचीन कबरी. सगळे फोटो माझ्या पोटात आले. मग तिने माझ्यावर नकाशे काढले. कळ दाबली की एक लाल रेषा नकाशावर पुढे सरकायची, एका गावाहून दुसऱ्या गावाला, आणि जिथे थांबेल तिथला फोटो उघडायचा.

पहिल्या शुक्रवारी प्रभूला पाहायला उंबरावर चढलेल्या बुटक्या जक्कयाची गोष्ट होती. पडद्यावर उंबर दिसताच मुले ओरडली, "हे तर आपलं झाड! तासोनी, जक्कय आपल्या गावचा होता?"

"नव्हता. यरीहोचा होता. चला, यरीहो कुठेय ते दाखवा आधी!"

मुलांना खाऊ म्हणून रिफ्का भाकरी घेऊन यायची. उन्हात फुगवून भाजलेली तिची जाड भाकरी गावात प्रसिद्ध होती. रिफ्का तरुण होती, पण लग्नाचे कुणी बोलत नव्हते. लहानपणी तापात तिचे कान गेले आणि बोलणे शिकायचे राहूनच गेले. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. टोपली ठेवून ती दाराशीच बसायची आणि पडद्याकडे टक लावायची.

"बसू द्या बापडीला," तिची आई उम्म मिलाद, म्हणजे मिलादची आई, म्हणायची. "तिला कळत काही नाही. चित्रं आवडतात."

 पण तासोनीने एक गोष्ट टिपली होती. रेषा सरकली की रिफ्काचे डोळे तिच्यामागे सरकत होते.

तिने रिफ्काला हाताला धरून माझ्यासमोर बसवले. चर्चच्या मनोऱ्यावर चढून तिने गावाचे फोटो काढून आणले, आणि त्यांच्या शेजारी तसाच गावाचा नकाशा काढला. बराच वेळ रिफ्का गोंधळून बघत राहिली. मग तिला एका अंगणातला धूर दिसला. तिने धुरावर बोट ठेवले, नकाशातल्या चौकोनावर ठेवले, आणि मग स्वतःच्या छातीवर थाप मारली. माझी भट्टी! माझे घर! नकाशा म्हणजे काय हे तिला त्या क्षणी समजले. पुढच्या शुक्रवारी गावातून मल्लवी, मल्लवीतून सारी नदी, मग समुद्र आणि समुद्रापलीकडचे यरुशलेम. भुकेल्याने खावे तसे ती नकाशे पाहत होती.

हे सगळ्यांना रुचले नाही. चर्चच्या किल्ल्या सांभाळणारे अम्म वहीब, म्हणजे वहीबकाका, एक दिवस दारात उभे राहिले. "तासोनी, हे यंत्र बाप्तिस्म्याच्या नोंदी टंकायला हवंय मला. तुम्ही ते एका बहिरीसाठी अडवून ठेवलंय. तिनं भाकरी आणावी, तिचा आशीर्वाद तिला मिळतोच."

"भाकरी आणणारीनं पंगतीला बसायचं नाही, असं कुठे लिहिलंय, अम्म वहीब?"

"पण तिला कळणार काय?"

"ते मी बघते. तुम्ही किल्ली बघा."

यानंतर जे घडले ते मी जन्मात विसरणार नाही. तासोनीने चर्चमधल्या सगळ्या पवित्र चित्रांचे फोटो काढून नकाशावर जागोजागी लावले होते. रिफ्का ती चित्रे लहानपणापासून पाहत होती. पण गोठ्यातले बाळ वेगळे, होडीतला माणूस वेगळा, खांबाला टांगलेला माणूस तिसराच, असेच ती समजत आली होती. तासोनीने बाळाच्या डोक्यामागचे तेजाचे वर्तुळ मोठे करून दाखवले. वर्तुळात एक क्रूस होता. होडीतल्या माणसाच्या वर्तुळातही तोच क्रूस. आंधळ्याला हात लावणाऱ्याच्याही.

रिफ्काने तीन बोटे वर केली. मग दोन मिटली आणि एक बोट विचारल्यासारखे समोर धरले. एकच?

तासोनीने मान हलवली. एकच.

रिफ्का उठली. तिने जाऊन आईचा पदर धरला, तिला ओढत पडद्यापुढे आणले आणि पडद्याकडे, आईकडे, पुन्हा पडद्याकडे बोट करत राहिली. तिच्या घशातून एक मोठा, ओबडधोबड आवाज निघाला.

"काय म्हणतेय ही?" उम्म मिलाद घाबरली.

"विचारतेय, तुला माहीत होतं का," तासोनी म्हणाली.

उम्म मिलादने लेकीचा हात हातात घेतला. "होतं गं बाई. सगळ्यांनाच माहीत होतं. तुला कसं सांगायचं, तेवढं माहीत नव्हतं."

रिफ्का रागावून निघून गेली. पण पुढच्या शुक्रवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या मोठ्या उपवासाचे दिवस होते. लाल रेषा गालीलहून खाली उतरली, यरीहोवरून यरुशलेमला पोचली. मित्रांनो, गावात प्रत्येकाला या गोष्टीचा शेवट पाळण्यापासून ठाऊक असतो. एकट्या रिफ्काला तो ठाऊक नव्हता. प्रभूला पकडले तेव्हा तिने टेबलाची कड आवळून धरली. खिळे ठोकले तेव्हा तोंड झाकले. मग पूर्वेच्या डोंगरातल्या कबरीचा फोटो आला, तोंडावर मोठी शिळा. तासोनी पुढची कळ दाबणार, तोच खोलीतला दिवा पांढराफटक झाला. विजेचा लोंढा आला होता. माझ्या आत काहीतरी फट्‌कन फुटले आणि सगळीकडे काळोख झाला.

पुढचे काही दिवस मी मेल्यासारखा होतो. त्या दिवसांत काय झाले, ते तासोनी दर वर्षी सांगते, म्हणून मला माहीत आहे.

रिफ्का घरी गेली आणि तिने काळा झगा घातला. भट्टी पेटवली नाही. दाराशी जमिनीवर बसून राहिली, घरातला कर्ता माणूस गेल्यावर बायका बसतात तशी. तासोनीने तिला चर्चमध्ये नेऊन पुनरुत्थानाचे चित्र दाखवले. रिफ्काने वर्तुळातला क्रूस पाहिला, मान हलवली आणि हात खांद्यामागे झटकला. हो, तोच. पण हे आधीचं. भिंतीवरच्या चित्रांना मागे-पुढे नव्हते, मित्रांनो. मागे-पुढे फक्त माझ्या रेषेला होते, आणि ती रेषा कबरीपाशी अडली होती.

"आता तरी त्या यंत्राचा नाद सोडा," अम्म वहीब म्हणाले. "पोरगी होती ती बरी होती. आता सुतक धरून बसली."

"म्हणूनच सोडत नाही," तासोनी म्हणाली. तिने मला चादरीत गुंडाळले, भाजीच्या गाडीत ठेवले आणि मांडीवर धरून मल्लवीला नेले.

दुरुस्तीचे दुकान उस्ता, म्हणजे मिस्त्री, रगब यांचे. त्यांनी माझे झाकण उघडले आणि नाकाला रुमाल लावला. "बाई, एवढी माती? आत कांदे लावायचे होते का?"

"चालू होईल का ते सांगा."

"वीज देणारी पेटी जळलीय. या जातीची आता मिळत नाही. नवा संगणक घ्या."

"नव्यात माझे फोटो आहेत?"

"नाहीत."

"मग काय करू नव्याचं?"

"बरं, पुढच्या आठवड्यात या. कैरोला विचारून बघतो."

तासोनीने स्टूल ओढले आणि बसली. "मी आज इथून हलत नाही. एका बाईला मी कबरीपाशी उभं करून आलेय. ती अजून तिथेच आहे."

रगब यांनी पेचकस खाली ठेवला. "कोण वारलं तुमचं?"

तिने सगळे सांगितले. रगब ऐकत राहिले. चहा आला, निवला.

"म्हणजे तिला पुढचं कुणी सांगितलंच नाही?"

"सांगितलं. पटत नाही. तिला रेषा पुढे गेलेली बघायचीय."

रगब यांनी डोके खाजवले. "आम्हा मुसलमानांत ही गोष्ट निराळी सांगतात, बाई. पण अर्धी कुणीच सांगत नाही." ते उठले, दुकानात स्वतःसाठी वापरत असलेला जुना संगणक त्यांनी पालथा घातला, आणि त्याच्या पोटातली पेटी काढून माझ्यात बसवली. धूळ झटकली, पंखा पुसला, फोटोंच्या दोन नकला करून तासोनीच्या हातात दिल्या. "या वेगवेगळ्या घरी ठेवा. एकाच पोटात सगळं ठेवू नये."

मला पुन्हा जाग आली तेव्हा समोर रिफ्का होती, काळ्या झग्यात. शेजारी तिची आई. दारात अम्म वहीब, किल्ल्या हातात.

तासोनीने कळ दाबली. शिळा बाजूला. कबर रिकामी. मग क्रूसाच्या वर्तुळाचा तो माणूस, तळहातांवर व्रण. रिफ्काने तासोनीचे बोट धरून रेषा मागे नेली, पुढे आणली, पुन्हा मागे नेली. व्रण पडद्याला नाक लावून पाहिले. चेहऱ्यावर काही उमटले नाही.

मग रेषा यरुशलेमहून निघाली आणि वर गालीलला, तळ्याकाठी गेली. तिथे तासोनीने नाईलच्या काठावर काढलेला फोटो होता. निखारे, त्यावर मासे, आणि बाजूला भाकरी. फोटोशेजारी क्रूसाच्या वर्तुळाच्या त्याच माणसाचे चित्र.

रिफ्का थबकली. ती भाकरी तिची होती. तिच्या हातचा घाट तिला ओळखू आला. तिने भाकरीकडे बोट केले, त्या माणसाकडे केले आणि हात तोंडाशी नेला.

"विचारतेय, तो जेवला का?" उम्म मिलाद म्हणाली. 

"जेवला. सांग तिला. जेवला."

उम्म मिलादने हात तोंडाशी नेला, घास चावला, गिळला. अनेकदा. आयुष्यात पहिल्यांदाच ती लेकीला काही एवढे सविस्तर सांगत होती. मेलेला माणूस जेवत नाही, हे रिफ्काला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती आधी हसली. मग आईच्या गळ्यात पडून रडली. मग उठली, घरी गेली, आणि तिच्या भट्टीचा धूर गावावर दिसू लागला.

 दोन दिवसांनी अम्म वहीब वीज आवरून धरणारा एक खोका घेऊन आले. "यंत्रासाठी आणलाय," ते म्हणाले. "तुमच्यासाठी नाही."

रिफ्का गप्प राहणारी नव्हती. शेजारच्या गावात बशारा नावाचा एक बहिरा शिंपी होता. तिने त्याला बाहीला धरून आणले. त्याने आणखी कुणाला आणले. आता दर शुक्रवारी मुलांच्या वर्गानंतर त्यांचा वर्ग भरतो आणि कळ रिफ्का दाबते. तासोनी आता थकली आहे. ती मागे बसून फक्त नकाशातल्या चुका काढते. मुलांसाठी नवा, चपटा संगणक आला आहे. मला भंगारात देण्याचे एकदा निघाले होते. बशाराने उत्तर म्हणून मापे घेतली आणि मला जाड कापडाची खोळ शिवून दिली.

मित्रांनो, यंत्रे जुनी होतात, त्यात लाज नाही. त्यांची धूळ पुसा, पंखा मोकळा ठेवा, त्यांच्या पोटातले काही अमोल असेल तर त्याच्या नकला करून ठेवा. आणि तुमच्या दाराशी कुणी टोपली घेऊन बसले असेल, तर त्याला कळत नाही असे ठरवून टाकण्याआधी आत बोलवा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगा.

गेल्या शुक्रवारी एक सून आपल्या म्हाताऱ्या, बहिऱ्या सासऱ्याला घेऊन आली. "यांना काही कळायचं नाही," ती संकोचून म्हणाली, "पण हट्टच धरला." रिफ्काने त्याला सगळ्यांत पुढे बसवले आणि माझे बटण दाबले. मला उठायला वेळ लागतो. पंखा घरघरतो, पडदा काळाच राहतो. म्हातारा चुळबुळ करू लागला. रिफ्काने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने खूण केली: थांबा, येतंय.