लाल चिठ्ठीचा बाक

मी एक जुना बाक आहे. माझ्या पाठीवर लाल चिठ्ठी होती.

चिठ्ठीचं नंतर. आधी लाकूड. मोहियोद्दीन सुतारांनी मला कडुलिंबाच्या फळ्यांतून जोडलं आणि वसमतला, रेवतीताईंच्या दातांच्या दवाखान्यात आणून ठेवलं. तेव्हापासून लोकांना बसवून घेणं हेच माझं काम.

मित्रांनो, तेव्हा सगळ्यांना एकच वेळ दिलेली असायची. सकाळी दहा. ताई हिरडीत सुई द्यायच्या आणि म्हणायच्या, "बाहेर बसा, बधीर होऊ द्या." लोक माझ्यावर बसून बधीर व्हायचे. आत चिमटा सापडायचा नाही. तोवर दात भरायला कालवलेलं सिमेंट घट्ट व्हायचं, ते फेकायचं, पुन्हा कालवायचं. लोक मला मजबूत म्हणायचे. मला काही वाटायचं नाही.

एकदा हळद शिजवणाऱ्या धुरपताबाई सुई घेऊन बाहेर आल्या. शेजारी एक पोरगं रडत होतं.

"जाऊ द्या त्याला आधी," त्या म्हणाल्या. मग एका म्हाताऱ्याला जाऊ दिलं. मग अजून एकाला. तोवर गाल जागा झाला.

मदतनीस समरीननं हाक मारली, "मावशी, बधीर हाय ना?"

"व्हय, व्हय."

खोटं. ताईंची दवा वाया जाईल म्हणून.

आतून किंकाळी आली.

त्यानंतर ताईंनी सगळं बदललं. सुई घेतलेला माणूस खुर्चीतच थांबू लागला. अवजारं आधीच मांडलेली. सिमेंट लागेल तेवढंच. वेळ ज्याच्या त्याच्या एसटीप्रमाणे. आणि जे लागत नाही, त्याला लाल चिठ्ठी. चिठ्ठीवाल्या वस्तू शनिवारी बाहेर.

वाट बघणारं कुणी उरलं नाही. मग मलाही चिठ्ठी लागली. बरोबरच होतं.

लाकूड. चिठ्ठी. शनिवार.

शुक्रवारी धुरपताबाई दुसरी दाढ काढायला आल्या. वीस मिनिटांत मोकळ्या. किंकाळी नाही.

"कापूस अर्धा तास दाबून धरा. गाल बधीर आहे, चावाल," ताई म्हणाल्या. "या आता. एसटी लागली असेल."

धुरपताबाई बाहेर आल्या आणि माझ्यावर बसल्या.

"मावशी, गाडी चुकंल की!" समरीन म्हणाली.

"असला गाल घेऊन धक्के खाऊ व्हय?" कापसातून आवाज आला. "पुढच्या गाडीनं जाते. हे काय चिकटवलं ह्याला?"

"जे लागत न्हाई त्याला लावतात."

"मंग मला बी एक लावा की."

समरीन हसली. ताई हसल्या नाहीत. त्या दारातून माझ्याकडे बघत राहिल्या, मग वाकून त्यांनी चिठ्ठी ओढली. एक कोपरा राहिला.

मित्रांनो, वाया जातं ते जरूर टाका. फक्त टाकण्याआधी एकदा अर्धा तास त्याच्यावर बसून बघा.

अर्धा तास झाला.

"आता ठणकून राहिलं," धुरपताबाई म्हणाल्या. "ह्या बारीनं खरं सांगून राहिले बरं का."

समरीननं गोळी दिली. त्या गेल्या.

फळी थोडी गरम होती. ते मला कळलं.