आधी फोन बघा

मी एक जुना मोबाइल आहे आणि अखेर मला कव्हर मिळालं.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मला कव्हर वगैरे काही मिळालेलं नाही. आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आम्ही हजारो भावंडं एकाच चेहऱ्याची, त्यामुळे लाड कुणाचेच झाले नाहीत. मला येऊन अजून वर्षही झालेलं नाही, पण आमच्या जातीत म्हातारपण एकदम येतं. माझं एका दुपारी आलं.

मुरबाडच्या दुकानातून मला दामूने घेतलं. तो धसईच्या बाजूचा भातशेतकरी. सोबत बायको गिरजा आणि बारावी झालेली मुलगी नम्रता होती. खरी गरज नम्रताला होती. शहापूरच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मुलगी हवी होती. "फोन करू. उचलला तर तू, नाही तर पुढची," असं तिला सांगितलेलं होतं.

दुकानदाराने माझ्यासाठी कव्हर काढून ठेवलं. दामूने ते परत सरकवलं.

"कवर कशाला? नवी नवरी काय पोत्यात घालून आणतात?"

"पोत्यात नाय, पण डोक्यावर पदर तरी देतात ना!" गिरजा म्हणाली.

"गप गो. निळी पाठ हाय त्याची. कवर घातल्यावर नवा काय नि जुना काय, लोकांना दिसणार कसं?"

आणि मित्रांनो, लोकांना दिसलो. धसईच्या बाजारात दामू मला कानाला असा लावायचा की माझी पाठ पूर्ण गर्दीकडे यावी. पलीकडे कुणी बोलत नसायचं. तो नुसताच "हां, हां, बोला साहेब" करायचा आणि मी बंद तोंडाने त्याच्या कानाशी शरमून बसायचो. परत येताना तो माझ्या पाठीत बघून मिशी विंचरायचा. इतक्या जवळून मिशी बघण्याचा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

त्या घरात रेंज नव्हती. अंगणात नव्हती, गोठ्यात नव्हती. रेंज होती ती गावच्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. म्हणून नम्रता जेवण झालं की मला घेऊन तिथे जाऊन बसायची आणि माझ्याकडे बघत राहायची. टाकी गळकी होती, त्यामुळे पायऱ्या कायम ओल्या आणि खाली चिखल.

एका दुपारी तिचा पाय सरकला. आम्ही दोघं एकदमच खाली आलो. ती दगडावर गुडघ्याने पडली, मी आधी दगडावर आणि मग डबक्यात. माझ्या काचेवर कोळ्याचं जाळं झालं. तिच्या गुडघ्यातून रक्ताची धार लागली.

माणसं धावली. सगळ्यात पुढे दामू.

"फोन फुटला काय?"

मागून शेजारचा कोंडू. "चालू हाय का बघ रे!"

गिरजा पदराने मलाच पुसायला लागली. आणि सर्वांत वाईट म्हणजे नम्रता स्वतः चिखलात बसून म्हणाली, "मला काय नाय झालं. आधी फोन बघा."

मित्रांनो, मला त्या डबक्यात परत जावंसं वाटलं.

घरी आणून माझ्यावर उपचार सुरू झाले. नम्रताच्या गुडघ्यावर हळद टाकली आणि मग ती पण माझ्याकडे बघायला येऊन बसली. तिचा चुलतभाऊ आदेश आसनगावला कंपनीत कामाला आहे, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं.

"फोन भिजला की तांदळात ठेवायचा. पाणी ओढून घेतो तांदूळ."

"डब्यात वाटीभरच हायेत," गिरजा म्हणाली.

दामू विचारात पडला. तो शेतकरी माणूस. "वाटीभर तांदळानं काय होणार? पाणी भरपूर गेलंय आत. कणगीत टाका."

कणगी म्हणजे बांबूची, शेणाने सारवलेली, माणसाच्या उंचीची कोठी. पडवीत ती तोंडापर्यंत नव्या भाताने भरली होती.

"काका, तांदूळ म्हटलं मी. हे टरफलासकट भात हाय."

"टरफल काय, दोन दिवस जास्त लागतील. आणि नीट खोल टाक. वरवर ठेवला तर वरवरच सुकंल."

आदेशने मला खांद्यापर्यंत हात घालून खोल ठेवलं. त्याचा हात बाहेर गेला, भात वरून सरसर आला आणि मी तिथेच जिवंत पुरला गेलो. चार्जिंगच्या भोकात सगळी कुसळं. शेजारी कणगीच्या अंधारात धान्य पोखरणारा एक पोरकिडा होता, तोसुद्धा माझ्याकडे बघून दुसरीकडे गेला.

आणि आता ऐका. इतके महिने ज्या घरात एक काडी रेंज आली नाही, त्या घरात भाताच्या मधोमध मला पूर्ण रेंज मिळाली. सगळ्या काड्या. का, ते मलाही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणगी वाजू लागली.

"शहापूर!" नम्रता ओरडली.

दामूने हात घातला. भात ओसंडून पडवीभर पसरला. "सांडू नका हो, बियाण्याचा हाय तो!" गिरजा खाली बसून ओंजळीने गोळा करू लागली. आदेश म्हणाला, "डावीकडं ठेवला होता." दामू म्हणाला, "कुणाच्या डावीकडं?" मी वाजत होतो. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

शेवटी नम्रताच दुखऱ्या गुडघ्याने खाटेवर चढली आणि डोक्याकडून कणगीत शिरली. मी तिच्या हाताला लागलो. तिने मला वर काढलं, फुंकर मारली आणि फोन उचलायला बोट फिरवलं.

मला कळलंच नाही. फुटलेल्या काचेला तिचं बोट जाणवतच नव्हतं. तिने पुन्हा फिरवलं. ओढणीने पुसून फिरवलं. अंगठ्याने फिरवलं. माझ्या तोंडावर हिरवी खूण नाचत होती आणि मी तिला आत घेत नव्हतो.

मग मी वाजायचा थांबलो.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत मुरबाडला गेली, तिथून एस.टी. बदलून शहापूरला. दुपारी परत आली. हातपाय धुतले. म्हणाली, "दुसरी घेतली."

दामू टोपी घालून बाहेर पडला आणि धसईहून संध्याकाळी आला. त्याने माझ्यासाठी कव्हर आणलं होतं. काळं, जाड, चारी कोपऱ्यांना रबर. माझ्या फुटक्या अंगावर त्याने ते चढवलं. निळी पाठ झाकली गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"दुखतं काय गो?" तो म्हणाला.

"फोनला?" नम्रताने विचारलं.

"नाय. तुला."

मित्रांनो, त्या क्षणी कव्हरात तोंड लपवायला मिळालं, एवढाच त्या कव्हराचा मला उपयोग झाला.

तुमच्या घरी नवा फोन आला, तर त्याला कव्हर पहिल्या दिवशीच घाला. लोकांना पाठ दिसली नाही तरी चालतं. आणि फोन घेऊन कुणी पडलं, तर आधी त्या माणसाला उठवा. आम्ही पडून राहू शकतो. आम्हाला दुसरं काम नसतं.

तरी माननीय गुरुत्वाकर्षण अधिकारी, मुरबाड तालुका, यांना याद्वारे विनंती करण्यात येते की, आपल्या कार्यक्षेत्रात एखादी मुलगी व एखादा मोबाइल एकाच वेळी खाली येत असल्याचे निदर्शनास आल्यास, मोबाइलला तात्काळ खाली पाडण्यात यावे, आणि मुलीला सवडीने, सुट्टीचे दिवस वगळून, कार्यालयीन वेळेत अलगद खाली आणण्यात यावे. सदर मोबाइलची याबाबत कोणतीही हरकत नाही.