खळ्यावरची गाडी

अरुंधतीबाईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं नेला. म्हणजे पाय होता जागेवरच, पण सांगितलेलं ऐकायचा नाही. त्यामुळे गाडी चालवणं आपल्या नशिबात नाही, असं त्यांनी अठ्ठावन्न वर्षं धरूनच ठेवलं होतं. मग कामशेतच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि कोणाला न विचारता एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन आल्या. क्लच नाही, डाव्या पायाला कामच नाही. तीन महिन्यांत शिकल्यासुद्धा.

तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी त्या एकट्याच निघायच्या. लोणावळ्याहून दुधिवरे खिंड ओलांडून खाली पवना धरणाच्या पाण्यापर्यंत. काठावर गाडी उभी करायची, काच खाली करायची, थर्मासमधला चहा प्यायचा. थंडीत धुकं पाण्यावर इतकं खाली उतरायचं की पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं लागलं ते कळायचं नाही, आणि मधेच कुठंतरी तुंग किल्ल्याचा सुळका नुसताच तरंगत असायचा. बाईंना वाटायचं, आपणही असेच तरंगतोय. तिथं जाऊन करता काय, असं शेजारणींनी विचारलं तर म्हणायच्या, काही नाही. आणि खरंच काही नाही करायच्या. आयुष्यभर कोणीतरी नेलं तरच कुठं गेलेल्या बाईला त्या काही नाहीचं काय सुख असतं, ते दोन्ही पाय धड असणाऱ्यांना सांगून कळायचं नाही.

दिवाळीनंतर गाडी बिनसली. खिंडीच्या चढाला लागली की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी काही केल्या पुढं सरकायची नाही. गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारली, मान हलवली आणि गिअरबॉक्स गेला म्हणून मोकळा झाला. त्या संध्याकाळी चिंतामणराव, म्हणजे बाईंचे यजमान, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "विकून टाकू या आता."

बाईंना ते फार लागलं. गाडी गेली की मंगळवार गेला, हे काय यजमानांना कळत नव्हतं? पण चिंतामणराव त्या गाडीत बसले होते ते फक्त एकदा, पहिल्या दिवशी, बाजारापर्यंत. वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून. उतरल्यावर "छान चालवतेस" म्हणाले आणि पुन्हा पाच वर्षांत आत पाऊल टाकलं नाही. माझं फिरणं यांना पहिल्यापासूनच नको होतं, आता आयतं निमित्त मिळालं, असा बाईंनी हिशेब लावला आणि आठ दिवस कामापुरतंच बोलल्या.

नवव्या दिवशी त्यांनी गाडीचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की गाडी अशी करायला लागली तर आधी गिअरचं ऑइल बघा, खराब असेल तर बदला. घरी बदलता येतं. बाईंनी तीन लिटरचा नवा डबा आणला, पाना आणला, नरसाळं आणलं. चिंतामणराव हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत.

नेमका त्याच दिवशी हौशीराम आला. पवनेकडच्या रस्त्याला त्याची भातशेती. त्याची मुलगी अनिता बाईंच्या हाताखाली शिकली, तेव्हापासून वर्षाचा इंद्रायणी तांदूळ तो स्वतः आणून टाकतो. बाई अंगणात उभ्या राहून त्याला पुस्तकातलं वाचून दाखवत होत्या की गाडी समतल जागेवर हवी, इंजिन गरम आणि चालू हवं, तरच मोजायच्या पट्टीवर ऑइल खरं दिसतं. तेवढ्यात झाडावरचं एक लिंबू पडलं, आणि आपली कोणी वाट बघतंय अशा घाईनं घरंगळत पार फाटकापाशी गेलं.

"बाई, ह्यो तर उतार हाय की," हौशीराम म्हणाला.

बाई बघतच राहिल्या. तीस वर्षं त्या अंगणात सडा घातला, रांगोळी काढली, आणि उतार म्हणून कधी ध्यानातच आलं नव्हतं. लोणावळ्यात सगळंच डोंगराच्या अंगावर. माणसाला उतारच सपाट वाटायला लागतो. पायरीवर उभे असलेले चिंतामणराव त्या लिंबाकडे बराच वेळ बघत राहिले आणि आत गेले.

हौशीराम मात्र खुलला. सपाट जागा पाहिजे तर साऱ्या मावळात आपल्या खळ्यासारखी दुसरी नाही म्हणाला. झोडणी उरकलीय, खळं मोकळंय, मंगळवारी या.

मंगळवारी चढाची खिंड टाळून, हायवेनं कामशेतवरून, हळूहळू बाई गाडी घेऊन गेल्या. चिंतामणराव मागून बसनं आले. खळं गावाबाहेर होतं, शेणानं सारवलेलं, गोल. कडेला पेंढ्याची गंज, आणि भोवती कापलेल्या भाताचे खुंट धुक्यात बुडालेले. हौशीरामनं मधोमध तांब्याभर पाणी ओतलं. पाण्यानं जरा विचार केला, आणि कुठंही न जाता तिथंच गोल पसरून बसलं. हौशीरामनं नुसतं बाईंकडे बघितलं.

पण गाडी तशीच आत घ्यायला शालूबाई, त्याची बायको, तयार होईना. खळ्यावर वहाणा घालून कोणी येत नाही, मग हिच्या चार वहाणांचं काय? अखेर तिनं घागरीनं चारी चाकं धुतली, त्यांना हळदकुंकू लावलं, आणि मग अनवाणी झालेली गाडी अलगद आत आली. बाईंनीही चपला बाहेर काढल्या. गार सारवणावर त्यांचे दोन्ही पाय सारखेच टेकले. असं त्यांना फार कमी ठिकाणी व्हायचं.

गाडी रस्त्यावरून आल्यामुळे गरम होतीच. बाईंनी इंजिन चालू ठेवून गिअर एकेका घरातून फिरवला, परत पार्किंगला आणला आणि पट्टी ओढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं, आणि त्यात फेस. बाईंना काही उमजेना. कमी असायला हवं ते जास्त कसं?

गाडी बंद करून जरा निवू दिली. हौशीरामनं ट्रॅक्टरच्या जॅकनं ती उचलली, चाकांखाली ओंडके दिले, खाली पेंढा पसरला, घमेलं ठेवलं आणि खालचा बोल्ट सोडला. ऑइल संथपणे पडायला लागलं. तपकिरी, फेसाळ. धुक्यात त्या धारेशिवाय कशाचाच आवाज नव्हता, आणि सगळे तिच्याकडे असे बघत बसले की वेळेचं भानच सुटलं. मग बाईंनी ते मोजलं. पुस्तक म्हणत होतं तीन लिटर निघेल. निघालं साडेचार.

"दीड लिटर कुटनं आलं?" हौशीराम म्हणाला.

"मी घातलं," चिंतामणराव म्हणाले.

ते पेंढ्यापाशी अनवाणी उभे होते. शिक्षा झालेल्या पोरासारखे खाली बघत त्यांनी सगळं सांगितलं. दर सोमवारी संध्याकाळी बाई भाजीला गेल्या की ते अंगणात गाडी सुरू करून पट्टी बघायचे. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, सगळं शिस्तीत. ऑइल थोडं कमी दिसायचं, मग ते चमचाभर घालायचे. पुढच्या सोमवारी पुन्हा कमीच. उताराचं कळलं ते त्या लिंबामुळे. तेव्हापासून झोप नव्हती.

"मंगळवारी तू निघायचीस ना," ते म्हणाले. "खिंडीत अडकलीस तर तुला चालत कुठं जाता येणार? मला शेजारी बसायची भीती वाटते, ते खरं आहे. पण तू जाऊ नयेस असं मला एकदाही वाटलं नाही गं."

पाच वर्षं या माणसानं आपल्याला अडवायची वाट बघितली असं धरून चाललो, आणि हा बिचारा दर सोमवारी वाकून पट्टी पुसत होता. बाईंना रडू आलं, आणि रडता रडता हसूही. शालूबाईनं कोणाला न विचारता चहा टाकला.

बोल्ट घट्ट करून, गाडी ओंडक्यांवरून उतरवून नवं ऑइल घातलं, कोकमासारखं लाल, मोजून तीन लिटर. गाडी पुन्हा गरम करून पट्टी बघितली, तर ऑइल दोन खुणांच्या बरोबर मधे. पट्टी बाईंनी चिंतामणरावांच्याच हातात दिली. त्यांनी ती शर्टाला पुसली.

निघताना ते बसच्या रस्त्याकडे वळले, चार पावलं गेले आणि परत आले. डावीकडचं दार उघडून आत बसले आणि दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला. बाईंनी गाडी सुरू केली. खिंडीचा चढ आला. गाडी जराही न ओरडता वर चढायला लागली, धुक्यात, उचलून नेल्यासारखी. एक वळण, दुसरं वळण. माथ्यावर बाईंनी बाजूला बघितलं. दांडा सुटला होता, हात मांडीवर पडले होते आणि चिंतामणराव तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

खाली उतारावर त्यांची मान हलली. "आलं का घर?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"नाही अजून," बाई म्हणाल्या. "झोपा तुम्ही." आणि घराचं वळण आलं तेव्हा त्यांनी गाडी सरळच जाऊ दिली.